बारा शेळ्यांचा करार

१६ मार्च १८४६ रोजी अमृतसरला एक करार झाला. पहिल्या इंग्रज-शीख युद्धात लाहोर दरबार हरला होता आणि युद्धखर्चाच्या भरपाईपोटी काश्मीरसह बराच डोंगरी मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला होता. कंपनीने तो जम्मूच्या गुलाबसिंगाला ७५ लाख नानकशाही रुपयांना देऊन टाकला. ‘काश्मीर विकलं गेलं’ असं म्हणतात ते या कराराबद्दल. त्यात दहा कलमं आहेत आणि इतिहासाच्या पुस्तकांत पैशाच्या आकड्याचीच चर्चा जास्त होते. मला मात्र शेवटचं कलम जास्त रंजक वाटतं. गुलाबसिंगाने इंग्रजांचं वर्चस्व मान्य करून दरवर्षी खंडणी द्यायची होती. काय द्यायचं? एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा अस्सल शेळ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. शेळ्यांच्या बाबतीत हिशेब अगदी चोख: सहा नर, सहा माद्या.

शालींच्या जोड्या समजू शकतो. त्या काळी उंची शाली जोडीनेच विणल्या आणि भेट दिल्या जात. आपल्याकडे ‘शालजोडी’ हा शब्द तिथूनच रुळला. पण जगातल्या सर्वांत बलाढ्य कंपनीला शेळ्या कशाला हव्या होत्या? आणि त्याही नर-मादी मोजून?

या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की आपण लडाखच्या आग्नेय कोपऱ्यात, चांगथांगच्या पठारावर पोचतो. तिथे चांगपा नावाचे भटके पशुपालक राहतात. त्यांच्याबद्दल आपल्याकडे जे व्हिडिओ आणि फोटो फिरतात, त्यांचा सूर ठरलेला असतो: शतकानुशतकं जगापासून तुटलेली माणसं, आणि आता कुठे त्यांच्यापर्यंत पोचलेलं आधुनिक जग. ऐकायला छान वाटतं, पण इतिहास उलटं सांगतो. चांगपांच्या शेळीसाठी गेली साडेतीनशे वर्षं राजे, व्यापारी, हेर आणि सैन्यं या पठाराकडे येत आहेत. जगाने त्यांना कधीच एकटं सोडलेलं नाही.

थंडी विणते ती लोकर

चांगथांग हा तिबेटच्या विस्तीर्ण पठाराचा पश्चिमेकडचा भाग. त्यातला लडाखमधला तुकडा साधारण ४,००० ते ५,००० मीटर उंचीवर आहे. पाऊस जवळजवळ नाहीच; हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली जातो. शेती फार थोड्या ठिकाणी जमते. गवत उगवतं, पण तुटक आणि विरळ. एका जागी जनावरं जास्त दिवस थांबली तर ते मुळासकट संपेल, म्हणून माणसं आणि कळप वर्षातून अनेकदा मुक्काम हलवतात. आपल्याला भटकंती वाटते, ती प्रत्यक्षात काटेकोर वेळापत्रकाने चालते. कुठलं रान उन्हाळ्यात चरायचं, कुठलं हिवाळ्यासाठी राखून ठेवायचं, हलायचं कधी, हे गोबा म्हणजे गटाचा प्रमुख आणि इतर कुटुंबं मिळून ठरवतात. राखीव रानात आपली जनावरं आधीच घुसवणं हा गुन्हा मानला जातो.

या कळपात याक, मेंढ्या, घोडे असतात आणि असते चांगथांगी शेळी. कडाक्याच्या थंडीपासून बचाव म्हणून तिच्या राठ केसांखाली अत्यंत तलम लोकरीचा एक थर वाढतो. तो म्हणजे पश्म. त्याचा तंतू साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस त्याच्या कित्येक पट जाड. उन्हाळ्याच्या तोंडावर हा थर आपोआप सुटू लागतो, तेव्हा शेळीचे पाय बांधून तिला आडवं पाडतात आणि फणीने तो विंचरून काढतात. एका शेळीपासून वर्षाला पाव किलोच्या आसपास कच्चा माल मिळतो. त्यातले राठ केस आणि घाण काढली की उरतो त्याहून बराच कमी.

हा पश्म काश्मीरला जायचा. तिथल्या बायका तो चरख्यावर कातायच्या, विणकर शाली विणायचे आणि त्या शाली मुघल दरबारापासून पेशव्यांच्या पुण्यापर्यंत मानाची वस्त्रं म्हणून दिल्या जायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपला त्यांचं वेड लागलं. इतकं, की स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मागांवर त्यांच्या नकला निघू लागल्या आणि आपल्या साडीच्या काठावरची कोयरी इंग्रजीत त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

नकलेला नक्षी पुरते. मऊपणासाठी मात्र पश्मच लागतो. म्हणून इंग्रजांना शेळी हवी होती.

लोकरीमागे सैन्य

ही स्पर्धा इंग्रजांच्या आधीची आहे. १६७९ ते १६८४ या काळात तिबेट आणि लडाख यांच्यात युद्ध झालं. लडाखच्या मदतीला मुघल फौज काश्मीरहून आली. शेवटी तिंगमोसगांग इथे जो तह झाला, त्यात पश्चिम तिबेटमधला तलम पश्म लडाखलाच मिळेल आणि तिथून तो काश्मिरी व्यापाऱ्यांकडेच जाईल, अशी व्यवस्था झाली. आजच्या भाषेत एक पुरवठासाखळी तहाने बंदिस्त केली गेली. तिच्या एका टोकाला श्रीनगरचा विणकर होता, दुसऱ्या टोकाला बर्फात शेळी विंचरणारं कुटुंब. भाव ठरवण्याची ताकद कुटुंबाकडे नव्हती. पण त्यांच्याशिवाय साखळी सुरूच होत नव्हती.

१८१२ मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा कंपनीचा पशुवैद्य हिमालय ओलांडून मानसरोवरापर्यंत गेला. बिहारमधल्या पुसा इथल्या कंपनीच्या घोडेपैदास केंद्राचा तो अधीक्षक होता. सोबत हिअरसी नावाचा साथीदार, आणि दोघांनीही गोसाव्याचा वेष घेतलेला. परतताना त्यांनी शालीच्या लोकरीच्या शेळ्या विकत आणल्या. त्या ब्रिटनमध्ये वाढवून शालींचा धंदा तिकडेच उभा करायचा, असा बेत होता. तो फसला. पुढे १८२० मध्ये मूरक्रॉफ्ट लेहला पोचला, तिथे दोन वर्षं राहिला आणि लोकरीच्या व्यापाराबद्दल बारीकसारीक टिपणं करत राहिला.

शेळी हलत नाही म्हटल्यावर लोकरीची वाट वळवण्याचे प्रयत्न झाले. गुरख्यांशी झालेल्या युद्धानंतर सतलजच्या खोऱ्यापर्यंतचा डोंगरी भाग इंग्रजांच्या प्रभावाखाली आला होता. पश्चिम तिबेटमधला पश्म आता लडाखला वळसा घालून बुशहर संस्थानातल्या रामपूरच्या बाजारात उतरू लागला. काश्मीरला जाणारा माल आटला, तसं लडाखचं उत्पन्नही घटलं. १८३४ मध्ये गुलाबसिंगाचा सेनापती झोरावरसिंग लडाखवर चालून गेला होता. १८४१ मध्ये तो तिबेटमध्ये घुसला. या दुसऱ्या मोहिमेमागे जी कारणं होती, त्यांत लोकरीच्या व्यापारावर पुन्हा ताबा मिळवणं हे एक मोठं कारण होतं. त्या डिसेंबरात झोरावरसिंग मारला गेला आणि त्याची फौज थंडीने व लढाईने संपली. १८४२ मध्ये तह झाला. शाल, पश्म आणि चहा यांचा व्यापार पूर्वीप्रमाणे लडाखमार्गेच चालेल, हे त्यात आवर्जून लिहिलं गेलं.

एवढं लक्षात घेतलं की चार वर्षांनी झालेल्या अमृतसर करारातल्या शेळ्या चमत्कारिक वाटत नाहीत. सहा नर आणि सहा माद्या म्हणजे पैदाशीची सोय.

पण कराराने शेळी मिळते, थंडी मिळत नाही. पश्म शेळीच्या रक्तात जितका आहे तितकाच तिच्या हिवाळ्यात, तिच्या चाऱ्यात आणि तिला योग्य वेळी योग्य रानात नेणाऱ्या माणसांच्या अंगवळणी पडलेल्या ज्ञानात आहे. १८८४ मध्ये हे कलम बदललं गेलं. बारा शेळ्यांऐवजी महाराजांनी दहा पौंड कच्चा पश्म, काळी, करडी आणि पांढरी निवडलेली लोकर आणि थोडं उत्तम सूत पाठवावं, असं ठरलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी साम्राज्याने शेळीचा नाद सोडला आणि लोकरीवर समाधान मानलं.

जेव्हा रेषा आली

या सगळ्या उलथापालथीत चांगपांचं काय झालं? सत्ता बदलल्या, कर घेणारे बदलले, पण एक गोष्ट टिकून राहिली: हालचाल. सीमा होत्या, पण त्या घाटांवर आणि जकातींवर होत्या. कळप आणि माणसं त्यांच्या आरपार जात. मिठाचं उदाहरण घ्या. त्सो कारसारख्या खाऱ्या सरोवरांकाठचं मीठ आणि लोकर मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या जोडपिशव्यांत लादून चांगपा खालच्या खोऱ्यांत नेत आणि बदल्यात जव आणत. मेंढी चालता चालता चरते, म्हणजे वाहतुकीला इंधनाचा खर्च नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून तिबेटमधून निर्वासित येऊ लागले. त्यांतले अनेक स्वतः पशुपालक होते आणि आपले कळप घेऊन आले होते. मग १९६२ चं युद्ध झालं आणि सीमा मिटली. पिढ्यान्‌पिढ्या वापरातली हिवाळी राने काहींच्या हातून गेली. रानं कमी झाली आणि त्यांवर चरणारी तोंडं वाढली. पलीकडचा व्यापारही थांबला.

त्या युद्धातली एक आठवण मुद्दाम सांगतो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी चुशूलजवळ रेझांग ला इथे मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या तुकडीतले शंभराहून अधिक जवान लढता लढता मारले गेले. बर्फाने सारं झाकून टाकलं. १९६३ च्या फेब्रुवारीत त्या उंचीवर गेलेल्या एका स्थानिक मेंढपाळाच्या नजरेला ते मृतदेह पडले, तेव्हा कुठे त्या लढाईचं खरं स्वरूप देशाला कळलं. भर हिवाळ्यात त्या डोंगरावर जायचं कारण मेंढपाळाकडेच असतं.

६१ वर्षांनी, २०२४ च्या जानेवारीत, चुशूल परिसरातल्याच मेंढपाळांचा एक व्हिडिओ आपल्या फोनवर फिरला. चिनी सैनिक त्यांना हटकत होते आणि ते आपल्या चराईच्या जमिनीवरून हलायला तयार नव्हते. लोकांनी त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण जरा विचार करा: तो माणूस तिथे झेंडा घेऊन गेला नव्हता, जनावरं घेऊन गेला होता. उद्या जनावरंच उरली नाहीत तर तो तिथे जाणार नाही. २०२० च्या गलवानच्या चकमकीनंतर सीमेलगतच्या काही रानांत जाणं अवघड झाल्याची तक्रार तिथले लोकप्रतिनिधी सतत करत आले आहेत.

रस्ता, रेशन, शाळा

आधुनिकतेने चांगपांचं वाटोळं केलं, असं म्हणणं सोपं आहे आणि अर्धवटही. १९८९ मध्ये मनाली-लेह रस्ता सामान्य वाहनांसाठी खुला झाला. त्याच वर्षी चांगपांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. रेशनचं धान्य आलं, त्यामुळे जवासाठी आठवडेच्या आठवडे चालण्याची गरज संपली. दवाखाना, शाळा, सौर दिवा, गाडी या गोष्टी कुणाला नको असतात? उणे ३० अंशांत तंबूत बाळंत होणं रम्य आहे, असं ते बाळंतपण दुरून पाहणाराच म्हणू शकतो.

पण प्रत्येक सोयीने कळपाचा तोल थोडा थोडा हलवला. मिठाचा व्यापार संपल्यावर ओझी वाहणाऱ्या मेंढ्यांचं महत्त्व घटलं. पश्मला भाव आल्यावर शेळ्या वाढल्या. याक कमी झाले, तसा याकच्या केसांपासून विणलेला काळा तंबू, म्हणजे रेबो, मागे पडून कापडी तंबू आले. पूर्वी कळप म्हणजे वेगवेगळ्या जनावरांत वाटून ठेवलेली जोखीम होती. आता ती एकाच जनावरावर आणि त्याच्या बाजारभावावर येऊन बसली. २०१३ च्या हिवाळ्याच्या अखेरीस चांगथांगवर अनपेक्षित बर्फ पडलं. गवत झाकलं गेलं आणि हजारो जनावरं उपासमारीने मेली. असा एक हिवाळा कुटुंबाला पठारावरून उतरवायला पुरतो.

शाळेचंही तसंच. मूल सात-आठ वर्षांचं झालं की लेहच्या वसतिगृहात जातं. शिकतं, ते चांगलंच होतं. पण कोणत्या उतारावर बर्फ आधी वितळतं, आजारी शेळी कळपात कशी ओळखायची, हे शिकण्याची वर्षं तीच असतात. दोन्ही शाळा एकाच वेळी भरतात आणि मूल एकाच शाळेत बसू शकतं. खर्नाक गटातल्या बऱ्याच कुटुंबांनी लेहजवळ वस्ती केली आणि तिला खर्नाकलिंग हे नाव पडलं. ज्यांनी रान सोडलं त्यांनी रानाचं नाव मात्र बरोबर नेलं.

दरम्यान शेळी पळवण्याचा जुना प्रकल्प प्रयोगशाळेत पोचला. २०१२ च्या मार्चमध्ये श्रीनगरच्या कृषी विद्यापीठात ‘नूरी’ नावाची क्लोन केलेली पश्मीना शेळी जन्माला आली. विज्ञान म्हणून ही कौतुकाची गोष्ट आहे. पण शेळीची नक्कल करता येते. तिला पाच हजार मीटरवर हिवाळा काढायला लावणाऱ्या कुटुंबाची नक्कल करता येत नाही. काश्मीर पश्मीनाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, लडाख पश्मीनाला २०२३ मध्ये. जिथे लोकर उगवते त्या प्रदेशाचं नाव मालावर यायला एवढा उशीर लागला.

रिकामी जागा

आता नकाशा उघडा आणि पांग शोधा. मनाली-लेह रस्त्यावर, मोरे मैदानाच्या अलीकडे. उपग्रहाच्या चित्रात तपकिरी रंगाशिवाय काही दिसणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखमधल्या १३ गिगावॅटच्या सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पासाठी वीजवाहिन्यांना मंजुरी दिली. पांगपासून हरियाणातल्या कैथलपर्यंत वीज नेण्यासाठी एकूण ७१३ किलोमीटरच्या वाहिन्या, सोबत १२ गिगावॅट-तास साठवणारी बॅटरी. खर्च २०,७७३ कोटी रुपये. ऊन प्रखर, हवा थंड, जागा मोकळी. अभियंत्याच्या नजरेने पाहिलं तर याहून चांगली जागा देशात शोधून सापडणार नाही.

अडचण ‘मोकळी’ या शब्दात आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटाबेस शिकताना सुरुवातीलाच सांगतात की ‘शून्य’ आणि ‘नल’ यांत गल्लत करायची नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे नोंदच नाही. चांगथांगच्या रानांच्या बाबतीत गोबाच्या डोक्यात असलेलं वेळापत्रक सरकारी कागदावर कधी उतरलंच नाही. कोणतं रान जानेवारीत कुणाचं, कुठलं कोणत्या वर्षी राखीव, याची नोंद नाही. त्यामुळे कागदावर ती सरकारी ओसाड जमीन. नलला शून्य समजलं गेलं. आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या ‘पोटखराबा’ या नोंदीचा अनुभव धनगरांना विचारा. पिकाला नालायक ठरलेल्या त्याच जमिनीवर मेंढरं जगत आली आहेत.

२०२४ च्या मार्चमध्ये सोनम वांगचुक यांनी लेहमध्ये २१ दिवसांचं उपोषण केलं. सहाव्या अनुसूचीचं संरक्षण ही मुख्य मागणी होती आणि तिच्यामागे चांगपांच्या रानांचाही प्रश्न होता: एका बाजूने सीमा आत सरकते, दुसऱ्या बाजूने प्रकल्प येतात, मग मधल्या कळपांनी जायचं कुठे?

मी सौर ऊर्जेच्या विरोधात नाही. हिमनद्या वितळवणारा कोळसा जाळत राहणं चांगपांच्याही हिताचं नाही. पण पॅनेलची रांग कुठे संपावी आणि कुंपणात कळपाला वाट कुठे असावी, हे ठरवताना हिवाळी रानांची यादी समोर हवी. ती यादी आज काही म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात आहे. ती नकाशावर उतरवण्याचं काम अवघड नाही; एका उन्हाळ्यात आणि एका हिवाळ्यात त्यांच्याबरोबर चालावं लागेल, इतकंच. आणि मग त्या नोंदीला कायद्यात वजन द्यावं लागेल, हा जास्त अवघड भाग.

लडाखमध्ये वर्षाला जेमतेम ५० टन कच्चा पश्म निघतो. जगाच्या बाजारात हा आकडा क्षुल्लक आहे. या प्रमाणाकडे पाहून कुणी म्हणेल की एवढ्याशा लोकरीसाठी इतका विचार कशाला करायचा. १८४६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तो बारा शेळ्यांसाठी केला होता. तिला लोकरीची किंमत बरोबर कळली होती. शेळीमागून चालणारा माणूस मात्र त्या दहा कलमांत कुठेच नव्हता, आणि आज जे करार होत आहेत त्यांतही त्याचं नाव अजून लिहायचं राहिलं आहे.